हंसाबाईच्या बोलण्याखाली

आमच्या कोलाम पोडावरचा, म्हणजे आमच्या आदिवासी वस्तीवरचा, अकरा मिनिटांचा सिनेमा आम्ही चार बायांनी काढला. कॅमेरा निकिताने धरला, आवाज मी घेतला. पोडामागची टेकडी दगडाच्या खदानीला द्यायची की नाही, यावर मुकुटबनला सुनावणी होती. तिथे आमचं म्हणणं म्हणून हाच सिनेमा दाखवायचा होता. भाषण करायला उभं राहिलं की आम्हाला खाली बसवतात. पडद्याला कोण बसवणार?

सिनेमा कोलामीत. खाली मराठी अक्षरं टाकायचं काम रजतकडे, जो नागपूरहून आम्हाला कॅमेरा शिकवायला आला होता. मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं, त्याने टाईप केलं. मग पोडात तो सिनेमा आम्ही सात वेळा पाहिला. हसलो, रडलो. खालची अक्षरं मात्र एकीनेही वाचली नाहीत. समोर आपली हंसाबाई आपल्या बोलीत बोलत असताना खाली कोण बघतं? मी चांगली बारावी शिकलेली, मीही नाही पाहिलं.

सुनावणीत पडद्यावर हंसाबाई कोलामीत म्हणाली, "आम्ही इथून हलणार नाही." सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी खूश होऊन मान डोलावली. खूश? तेव्हा कुठे माझी नजर खाली गेली.

'योग्य पुनर्वसन झाल्यास जागा सोडण्याची आमची तयारी आहे.'

पुन्हा वाचलं. तेच होतं.

"रजतभाऊ, हे काय लिवलं?"

"थोडं सौम्य केलं गं," तो कुजबुजला. "साहेब भडकले असते. तुमच्या भल्यासाठीच केलं."

महिनाभर आमच्या घरची भाकर खाल्लेला माणूस! आणि चेहऱ्यावर काही नाही.

शेजारी बसलेल्या हंसाबाईने माझा हात धरला. तिला वाचता येत नाही.

"काय झालं व?"

सांगावंच लागलं.

"मी असं बोलली?"

"नाही काकी. तुम्ही नाही बोलल्या."

"मंग सगळ्याइले तर मीच दिसून राह्यली ना बोलताना!"

ती उठली आणि तरातरा पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. खालची अक्षरं तिच्या लुगड्यावर पडली. निकिताने सिनेमा थांबवला.

"बाई, तुमचं म्हणणं नोंदवलंय," साहेब म्हणाले.

"ते माह्यं नाही. खोडा ते. मी हे इथं उभी हाय, मले इचारा."

साहेब गोंधळले. हंसाबाई कोलामीत बोलू लागली, तसे त्यांनी सवयीने रजतकडे पाहिलं. तोही उठायला लागला.

"बस खाली," मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. "मी सांगते."

मी एक वाक्य मराठीत सांगितलं आणि थांबले. साहेबांनी लिहायला कागदावर पेन टेकवलं.

"थांबा, साहेब," मी म्हणाले. मग सगळ्या सभागृहासमोर हंसाबाईकडे वळून कोलामीत विचारलं, "काकी, तुम्ही हेच बोलल्या ना?"