इनासचा फाटका सूर

माघ उतरणीला लागला होता. वसईच्या केळबागांवरून कलत्या उन्हाची हळदुली झाक ओसरत होती. पाटाच्या पाण्यात आभाळ निजत होतं, आणि अर्नाळ्याकडून येणारा खारा वारा केळीची लांब पानं चिरत, चिरत, चिरत जात होता.

त्या पानांकडे बघत इनास तुस्कानो मांडवात बसला होता. मांडीवर टेनर सॅक्सोफोन. सुवर्णकांती, मंद्रगंभीर, आयुष्यभराचा सोबती. आज त्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. उद्या सकाळी डॉक्टर त्याचे वरचे हलते दात काढणार होता, आणि त्या दातांखाली मुखनळी धरल्याशिवाय त्याला वाजवता येत नव्हतं. आजची संध्याकाळ शेवटची.

काय काय वाजवलं होतं त्यानं! चर्चगेटच्या हॉटेलात जॅझ वाजवला होता. कालचा सूर आज नाही, आजचा उद्या नाही. थिरकत्या पावलांवर धूम्रवर्ण, मधुमंथर सूर उधळले होते. त्यातलं कुणाला काय आठवतं? डोंबल!

आठवतो एक फाटका सूर. एका सिनेमाच्या गाण्यात सॅक्सोफोनचा इवलासा तुकडा होता. शेवटचा सूर उंच चढायचा, आणि नेमकी तिथंच वाद्याची वेताची रीड चिरली. सूर फाटला. "पुन्हा घेऊ," इनासनं हात जोडले. "राहू दे, पुढचं गाणं घ्यायचंय," संगीतकार म्हणाला.

आणि लोकांनी नेमकं तेच डोक्यावर घेतलं! काय म्हणावं या कानांना? लग्न असो, नाताळ असो, तोच तुकडा, तोच सूर, तसाच फाटका हवा. अडतीस वर्षं इनासनं धडधाकट सूर मुद्दाम फाडला. अडतीस वर्षं टाळ्या त्यालाच पडल्या. त्या टाळ्यांचा त्याला वीट आला होता.

"अंकल, तो रेकॉर्डवाला वाजवा ना!" पुतण्या रेमंड ओरडला. सगळ्या मांडवानं त्याची री ओढली.

"वाजवतो, बाबांनो. वाजवतो."

इनास उठला. हलत्या दातांखाली मुखनळी धरली. सूर निघाला, वळला, चढू लागला; आणि त्या ठरल्या जागी तो फाटला नाही. निरभ्र, निष्कलंक, एकसंध, तो वर जाऊन थांबला.

मांडवात माना एकमेकींकडे वळल्या.

"चुकलं, अंकल," रेमंड म्हणाला. "तिथं तो फाटतो ना?"

"वय झालं आता," मागून कुणीतरी कुजबुजलं. इनासची कानशिलं तापली. कपाळ बडवून घ्यावं असं त्याला वाटलं.

तेवढ्यात त्याची बायको सबीना खुर्चीचा हात धरून उठली. "चुकलं नाही," ती रेमंडला म्हणाली. "रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी याच अंगणात ह्यांनी मला असंच वाजवून दाखवलेलं. त्यानंतर आज ऐकलं."

"मग अडतीस वर्षं बोलली का नाहीस?" इनास खेकसला.

"तुम्ही कधी विचारलंत?"

इनास उद्या निघणारे ते दात दाखवत हसला, तिच्याकडे वळला आणि पुन्हा मुखनळी धरली. उन्हाची शेवटची तिरीप पितळेवरून ओघळली. चिरलेल्या पानांवरून सूर चढला, चढत राहिला, आणि अखंडच समुद्राकडे गेला.