चहा बशीत ओतलेला नाही

परीक्षेच्या दिवशी भुसारी बाई चपला वर्गाबाहेर काढून ठेवत. एप्रिलची भर दुपार, खिडक्यांच्या झडपांमधून गाळून आलेलं ऊन बाकांवर साचलेलं, डोक्यावरचा पंखा स्वतःच्याच वजनाने दमलेला, बाहेर निंबाची वाळकी पानं झळांबरोबर अंगणभर खरखरत फिरणारी. आणि आत, तापल्या फरशीवरून, बाईंची ती अनवाणी, निःशब्द पावलं. गणित हाच बाईंचा देव, म्हणून त्या चपला काढतात, असं मुली म्हणत. खरं कारण त्यांनीच एकदा सांगितलं. मोजणाऱ्याच्या कानावर कुणाची पावलं पडली की त्याचं मन ती पावलंच मोजायला लागतं, म्हणे. त्या पावलांमुळे बाई पाठीशी कधी येऊन उभ्या राहिल्या हे कळत नसे, हा भाग वेगळा. शेजारच्या पेपरात डोकावणाऱ्यांना तो चांगलाच महागात पडे.

अकरावी-बारावीची नवी रचना तेव्हा नुकतीच आली होती आणि शाळेच्या फळ्यापर्यंत कधी न पोचलेलं कॅल्क्युलस एकाएकी आमच्या बाकांवर येऊन बसलं होतं. पुस्तक इंग्रजी, मुली मराठी, आणि मधल्या दरीवर पूल बांधायला बाईंचे हात. फिक्या रंगाचं सुती लुगडं, कानांत मोत्याच्या कुड्या, उजव्या हाताच्या बोटांना कायम खडूची पांढरी साय. विकलन समजावताना त्या अंगठा आणि तर्जनी अशी जुळवत, की सुपातल्या तांदळांतून एवढासा खडा उचलताहेत असं वाटावं. या क्षणाचा बदल, एवढाच, याच्या मागचा नाही की पुढचा नाही. संकलन आलं की तोच हात पसरून, अंगणभर वाळत घातलेलं धान्य संध्याकाळी गोळा करावं तसा, हळूहळू छातीशी येई. कठीण सूत्रं मी पुढे पुष्कळ विसरले. ते दोन हात विसरले नाही.

बाईंचा हट्ट एकच होता. कोणतंही उदाहरण सोडवण्याआधी, आपण काय धरलं आहे ते पहिल्या ओळीत लिहायचं. आज ज्याला मॉडेलिंग म्हणतात आणि ज्याच्यावर जाडजूड पुस्तकं निघतात, त्याला बाई नुसतं ‘धरणं’ म्हणत. जग जसंच्या तसं कागदावर मावत नाही, त्यातलं काय घेतलं आणि काय सोडलं हे प्रामाणिकपणे सांगा, मग खुशाल सूत्र चालवा, असा त्यांचा न्याय. उत्तर अगदी अचूक असलं आणि वर धरलेलं लिहिलेलं नसलं, तर त्या तांबड्या शाईने समासात एवढंच लिहीत: ‘काय धरलं?’ तो तांबडा प्रश्न आमच्यापैकी प्रत्येकीच्या पेपरावर कधी ना कधी उमटला होता.

माझं तर सगळं वर्षच धरलेल्यावर चाललं होतं. आमची शेती काटोलकडे. मी नागपुरात सक्करदऱ्याला मामाच्या घरी राहून शिकत होते, आणि रोज सायकलने सीताबर्डीची गर्दी ओलांडून धरमपेठेतल्या कॉलेजात येत होते. माझे बाबा वाईट नव्हते. पोरीने गणित शिकून करायचं काय, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मलाही सांगता येत नव्हतं. त्यांनी करार साधा केला होता. पास झाली तर शीक, नापास झाली तर घरी ये. स्थळ येऊन ठेपलेलं होतं, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला पाहुणे पाहायला येणार होते. अकरावीची वार्षिक परीक्षा म्हणजे माझ्यापुरता गावाचा फाटाच होता.

गणिताच्या पेपरात बाईंनी चहा घातला होता. नव्वद अंशांचा कपभर चहा दहा मिनिटांत सत्तर अंशांवर येतो, तर पन्नासवर यायला एकूण किती वेळ लागेल? भोवतालच्या मानाने वस्तू जितकी जास्त गरम, तितकी ती झपाट्याने निवते, हा नियम आम्हाला शिकवलेला होता. त्यातून कॅल्क्युलस निघे, कॅल्क्युलसमधून लॉग निघे, आणि लॉगच्या कोष्टकातून शेवटी मिनिटं निघत. मात्र खोलीचं तापमान प्रश्नात दिलेलंच नव्हतं. पुस्तकातल्या सगळ्या उदाहरणांत खोली पंचवीस अंशांची असे, म्हणून जवळजवळ सगळ्या वर्गाने डोळे मिटून पंचवीस धरलं. मला घामाने पेन धरवत नव्हता. मी वर पाहिलं, तर भिंतीवरच्या तापमापकात पारा चाळिसाला टेकला होता. मी चाळीस धरलं. मग मला सुरसुरी आली आणि, वारा नाही, दार लोटलेलं आहे, अशी एकेक अट लिहीत गेले. बाबा चहा कसा पितात ते डोळ्यांपुढे आलं, आणि शेवटी मी लिहिलं: चहा बशीत ओतलेला नाही.

इथवर सगळं छान झालं. पुढे दोन लॉगांचा भागाकार करायचा होता. त्यासाठी पुन्हा लॉग घ्यायचा, वजाबाकी करायची, आणि मग अँटिलॉगच्या पानावर जाऊन खरी संख्या घेऊन यायची. बाई नेहमी म्हणत, लॉग म्हणजे परगावी जाणं आणि अँटिलॉग म्हणजे घरी येणं. गेलात तर परत या. मी गेले ती तिकडचीच झाले. लॉगलाच उत्तर समजून मी ‘दीड मिनिट’ असं लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि पेपर देऊन टाकला. बाकीच्या प्रश्नांतही मी काही दिवे लावले नव्हते.

पेपर तपासून झाल्यावर बाईंनी नाव न घेता ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं. वर्ग खो खो हसला. बाई परीक्षेच्या बाबतीत हसणाऱ्या नव्हेत, पण त्यांनीही पदर तोंडाशी नेला. मग म्हणाल्या, या धरण्याला पूर्ण गुण आहेत; बाकीच्यांनी नागपुरात, एप्रिलच्या दुपारी, पंचवीस अंशांची खोली धरली आहे, ती कुठे असेल तर पत्ता मलाही द्या. आता मान वर करायला हरकत नाही, असं मला वाटलं तेवढ्यात त्यांनी पान उलटलं. दहा मिनिटांत सत्तरवर येणारा चहा दीड मिनिटात पन्नासवर कसा येईल, हा विचार लिहिणारीने केलेला नाही, त्या म्हणाल्या. दीड मिनिटात निववायचा तर तो बशीतच ओतावा लागेल. वर्ग पुन्हा हसला. पंचवीस धरणाऱ्या मुली रीत बरोबर म्हणून तरल्या, आणि मी थोडक्यासाठी बुडाले.

मला बाईंचा राग आला. असा राग मला तोवर कुणाचाच आला नव्हता. माझ्या ओळीवर स्वतः हसलेल्या बाईला मला दोन-चार गुण देऊन वर ओढून घेता येऊ नये, हे मला निर्दयपणाचं वाटलं. मामाची कॉलेजात थोडी ओळख होती, आणि कुठेतरी शब्द टाकला की निभावेल अशी त्याची खात्री होती. निकालानंतर दोन दिवसांनी बाबा आले आणि आम्ही तिघं कॉलेजच्या व्हरांड्यात बाईंपुढे उभे राहिलो. मामाने आधी आडवळणाने सुरुवात केली, वर्षाचं नुकसान, पोरीची जात, वगैरे. बाबांना आडवळण जमत नसे. त्यांनी टोपी हातात घेतली आणि सरळ विचारलं.

“बाई, दोन-चार मार्काचं काय घेऊन बसल्या? तुमच्याच हातात हाय ते.”

“माझ्या हातात आहे, म्हणूनच देत नाही,” बाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात ताठा नव्हता. वर्गात खडू मागावा इतका तो साधा होता. जूनमध्ये फेरपरीक्षा आहे, मे महिनाभर मुलीला माझ्या घरी पाठवा, असं त्यांनी पुढे सांगितलं. बाबांनी विचारलं, मग ती पास होईल याची हमी काय? बाई म्हणाल्या, हमी काहीच नाही. पण तिला जमण्यासारखं नाही असं दिसलं, तर जूनची वाट न पाहता मीच तुम्हाला निरोप धाडीन, की हिला घेऊन जा.

संपलं, असं मला वाटलं. हमी द्यायलाही तयार नसलेल्या बाईवर कोणता बाप विसंबेल? आम्ही फाटकापर्यंत आलो. मामा चडफडत होता. बाबा निंबाच्या सावलीत थांबले, टोपी डोक्यावर घातली आणि मामाला म्हणाले,

“जे बाई फुकटचा मार्क देऊन नाही राह्यली, ते आपल्याले खोटं काहून सांगन? पाव्हण्याईले म्हणा, जूननंतर पाहू.”

ज्या नकाराने मी बुडाले असं मला वाटत होतं, त्याच नकाराला धरून बाबांनी मला काठाला लावलं. हे समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली. त्या दिवशी नुसतं हायसं वाटलं आणि भूक लागली.

त्या मे महिन्यात मी बाईंना घरात पाहिलं. धरमपेठेतल्या भावाच्या घरी वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली होती. खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावर सकाळीच मारलेलं पाणी, आणि त्या ओल्या सुवासात बसलेल्या, केस मोकळे सोडलेल्या बाई, वर्गातल्याहून दहा वर्षांनी लहान दिसत. त्या शिकवत कमी आणि परीक्षा जास्त घेत, पण ती परीक्षा आहे हे कळू देत नसत. ताटी वाळायला किती वेळ लागेल, असं विचारत. मी वारा धरला का, ऊन धरलं का, पाणी पुन्हा कुणी मारणार नाही हे धरलं का, असं एकेक करून विचारीत जात. उत्तर चुकलं तर त्या गप्प बसत. ती शांतता पुढ्यात ताटासारखी वाढून ठेवत, आणि माझी चूक माझी मलाच दिसेपर्यंत उठू देत नसत. बाहेर गच्चीवरच्या कुंडीत मोगरा फुलत होता, खाली रस्त्यावर रसवंतीची घुंगरं वाजत होती. मला गणित आवडायला लागलं आहे, हे मला त्या घुंगरांच्या आवाजात एका सकाळी कळलं. बाईंनी गावी निरोप धाडला नाही, पण धाडणार नाही असंही कधी म्हणाल्या नाहीत. रोज जिना चढताना मी आदल्या दिवशीचं उदाहरण मनात पुन्हा सोडवून पाही.

फेरपरीक्षेचा पेपर बाईंनी काढला नाही आणि तपासलाही नाही. मी हिला शिकवलं आहे, मी न्याय कसा करू, असं सांगून त्यांनी तो दुसऱ्या सरांकडे दिला. सर कडक म्हणून प्रसिद्ध होते. मी पास झाले. फार उंचावरून नाही, पण स्वतःच्या पायांनी. बाईंनी निकाल वाचला, कागदाची घडी केली आणि म्हणाल्या, आता बारावी. कौतुकाचा एक शब्द नाही. मी नमस्काराला वाकले, तर खांद्यावर त्यांचा हात क्षणभर टेकला, आणि माझ्या ब्लाउजवर खडूची चार बोटं उमटली. ती मी दिवसभर झटकली नाहीत.

बाबा पेरणी टाकून आले होते, त्यांना लगेच परतायचं होतं. सीताबर्डीला बसची वाट पाहताना त्यांनी टोपी काढून घाम पुसला. मग, माझ्याकडे न पाहता, म्हणाले,

“पुढं काय शिकाचं, कुठं थांबाचं, ते आता मले इचारू नको. बाईले इचारत जाय.”

बापाने मुलीवरचा आपला हक्क असा भर रस्त्यात दुसऱ्याच्या हवाली केलेला मी त्यानंतर कुठे पाहिला नाही. ते त्यांना किती जड गेलं असेल, हे त्यांच्या पाठीकडे पाहून मला कळत होतं. बस आली आणि ते चढून गेले.

मी विचारत गेले. बी.एस्सी. करू का, नोकरी धरू का, या मुलाशी लग्न करू का, असं प्रत्येक वळणावर मी धरमपेठेचा तो जिना चढले. बाईंनी मला कधीही, हे कर, असं सांगितलं नाही. त्या उलट मलाच प्रश्न विचारत, आणि खाली उतरेपर्यंत उत्तर माझ्या हातात असे. पुढे मी स्वतः शिकवू लागले, बाईंचे केस पांढरे झाले, खोलीतली ताटी जाऊन कूलर आला. मग एका हिवाळ्यात, कुणालाही फारसा त्रास न देता, बाई गेल्या. मी तिथे होते, सगळं पाहिलं, सगळ्यांबरोबर रडले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले. आपण सावरलो आहोत असं मला वाटलं.

काही महिन्यांनी मला दुसऱ्या गावी मोठ्या जागेवर बोलावणं आलं. जावं की न जावं कळेना. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर मी निघाले, आणि मनातल्या मनात बोलणं जुळवत, कुठून सुरुवात करावी, बाई आधी काय विचारतील, असा विचार करत सायकल मारत राहिले. धरमपेठेच्या वळणावर भान आलं. मी एक पाय जमिनीवर टेकवून तशीच उभी राहिले. रस्त्यावरचे दिवे लागत होते, माणसं घरी जात होती, आणि माझ्या तोंडातला प्रश्न तोंडातच होता. माणूस गेल्याची बातमी आधी येते. तो खरोखर जातो, तो अशा एखाद्या वळणावर, आपण त्याला काही विचारायला निघालेलो असतो तेव्हा.