अंगणातलं विमान

"एकटी जाणार?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी उत्तर देणंच सोडून दिलं. एक पोर कडेवर आणि एक बोटाला असताना बाई एकटी कशी असेल, हे यांना कोण सांगणार. माहेरी आष्ट्याला विचारलं, सासरी कोरेगावला विचारलं, साक्षीच्या लसीच्या रांगेतल्या बायकांनीसुद्धा विचारलं. माझा दादा तर म्हणाला, "मी येतो की सोबत, टोरांटोत सोडतो आन माघारी फिरतो." मला कराडच्या एसटीत बसवून द्यायचं असल्यासारखं. तिकडं जायला व्हिसा लागतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

गोष्ट साधी होती. बाळंतपणासाठी मी टोरांटोहून माहेरी आले, साक्षी झाली, मग सासरी राहायला गेले आणि तेवढ्यात माझ्या नवऱ्याची, जयराजची, कॅनडातली नोकरी बदलली. नव्या जागी रजा मिळेना. साक्षी आता पोटावर सरकायला लागली होती आणि तिच्या बापानं तिला अजून हातात घेतलं नव्हतं. थोरला ऋषिराज तिसऱ्या वर्षात, त्यालाही बाप नीटसा आठवत नव्हता. जयराज फोनवर म्हणायचा, "साक्षूचा हात दाखव जरा." मी हात दाखवला की तो स्वतःचं बोट पडद्याला लावायचा. मला जायचं होतं, आणि आत्ताच जायचं होतं.

सासरे लालासाहेब फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. घरात त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांचं मत पडलं की दिवाळीत जयराजनंच येऊन आम्हाला न्यावं. दिवाळी कुठं, आम्ही कुठं. एकदा जेवताना मी बोलूनच टाकलं, "आबा, तुम्ही सियाचीनला होता तेव्हा आत्यांनी दोन पोरं एकटीनंच वाढवली ना?" आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, शालूबाई. त्या भाकरी थापता थापता गालात हसल्या. आबांचा घास हातातच राहिला.

"बरं," तो ताटात ठेवून आबा म्हणाले. "पर सरावाबिगर मोहीम न्हाई. आदी हितं करून दाखवायचं, अंकिता. जमलं तर मी सोता मुंबईला सोडाय येतो. न्हाई जमलं तर दिवाळी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या अंगणात विमान उभं राहिलं. शेजारच्या भाऊसोंकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, दोन रांगा मांडल्या, मधे चिंचोळी वाट ठेवली. ऋषीच्या खुर्चीला आबांचा फौजेतला पट्टा बांधला. गोठ्याच्या दारात सामानाची तपासणी. तिथं भाऊसो माझी पिशवी उपसायचे आणि दुधाची बाटली हुंगून परत द्यायचे. आत्या हवाईसुंदरी झाल्या. डोक्यावरचा पदर ढळू न देता त्या ताटलीतनं उपीट वाटायच्या आणि कुणी संपवलं नाही तर दटावायच्या. वैमानिक अर्थातच आबा. सगळ्यांत पुढच्या खुर्चीत पाठमोरे बसून मोठ्यानं सांगायचे, "सब सवारी ध्यान दें. पट्टं लावा. हलायचं न्हाई."

मग भाऊसोंना बढती मिळाली आणि ते चिडके प्रवासी झाले. ते इतकं मनापासून चिडायचे की साक्षी खरोखर रडायला लागायची, आणि माझी परीक्षा तिथून सुरू व्हायची. एका हातावर ती, दुसऱ्या हातानं ऋषीची चड्डी सोडायची, तीही न्हाणीच्या कोपऱ्यात अंग चोरून, कारण विमानातलं संडास एवढंच असतं असं मीच सांगून ठेवलेलं. पहिल्या दिवशी दूध सांडलं, ऋषी पळाला आणि आबांनी "क्यान्सल" म्हणून विमान थांबवलं. एकेक खुर्ची उचलून विहिरीत टाकावी इतका राग आला मला. दुसऱ्या दिवशी आत्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्यानं साक्षीला माझ्या छातीशी बांधून दिलं. दोन्ही हात मोकळे झाले तसं मग जमायला लागलं. विमान रोज कॅनडात उतरायचं, आबा पट्टा सोडायचे, आणि ऋषी पळत जाऊन आजीच्या मांडीवर दूध-भाकरी खायला बसायचा.

आठवड्यानं आबा म्हणाले, "पास. काढ म्हणावं तिकिटं." मी आत जाऊन साक्षीला घेऊन चार गिरक्या घेतल्या.

कबूल केल्याप्रमाणे आबांनी मुंबईला आणून सोडलं, आणि मुंबई ते दुबई प्रवास असा झाला की मी मनातल्या मनात एकेकाचं नाव घेऊन सांगत होते, बघा. ऋषीनं मागं टेकून पट्टा लावून घेतला. शेजारच्या गृहस्थांचा पट्टा ढिला दिसला तर त्यांनाही बजावलं, "हलायचं न्हाई." ताट घेऊन आलेल्या मुलीच्या डोक्यावर पदर नाही, हे मात्र त्याला जरा खटकलेलं दिसलं. साक्षी लुगड्यात गाढ झोपली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मी चहा गरम असताना प्याले.

दुबईला दुसरं विमान धरायचं होतं. उतरून त्या झगमगीत इमारतीत आलो आणि ऋषी धावत सुटला. थोडं पुढं जाऊन थांबला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"आजी कुठाय?"

आम्ही काय करून ठेवलं होतं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. आठवडाभर विमान उडत होतं आणि दर वेळी आमच्याच अंगणात उतरत होतं. आबांच्या मोहिमेत सगळं होतं, फक्त आजी मागं राहते हे नव्हतं. आबांनाच नाही, ते मलाही सुचलं नव्हतं. पोरगं इतकं शहाण्यासारखं वागलं ते सगळं दूध-भाकरीच्या भरवशावर.

"आपल्याला अजून एका विमानात..." मी सुरुवात केली. तो फरशीवर आडवा झाला.

काय नाही केलं मी. राजगिऱ्याचा लाडू दाखवला, गाणं म्हटलं, डोळे वटारले. उचलायला वाकले तर साक्षी जागी झाली आणि तिनंही सूर लावला. तेवढ्यात आमच्या विमानाची शेवटची हाक झाली. दरवाजा समोर दिसत होता, आणि मी घामानं डबडबून उभी. लोक आम्हाला वळसा घालून चालले होते. हे विमान गेलं की सगळे म्हणणार, तरी सांगत होतो. वाटलं, सरळ खोटं सांगावं की आजी त्या विमानात बसलीय. अगदी ओठांवर आलं होतं.

पण मग तिकडं उतरल्यावर काय सांगणार होते? मी त्याच्याजवळ फरशीवरच बसले. "ऋषी, ते विमान खोटं होतं. आपण खेळत होतो. हे खरं विमान लांब जातं. उतरल्यावर आजी नसणार. पप्पा असणार."

त्याचं रडणं थांबलं. "पप्पा फोनमदी असत्यात."

"फोनमधनं ते नुसते बोलतात. राहतात तिकडं, आपलं विमान जातं तिथं."

त्यानं बाहीला नाक पुसलं. "त्यानला पाय हायती?"

मला हसू आलं. या लेकरानं इतके दिवस बापाचं डोकं आणि खांदे एवढेच पाहिले होते. "आहेत," मी म्हटलं. "चांगले लांब लांब पाय आहेत. बघायचेत?"

ऋषी उठला, माझं बोट धरलं आणि मलाच ओढत दाराकडे निघाला. आम्ही पोचलो तेव्हा दार लावायच्या बेतातच होते.

पुढच्या विमानात व्हायचं ते सगळं झालं. दूध माझ्याच अंगावर सांडलं, त्या एवढ्याशा संडासात आम्ही तिघं एकदम शिरलो, आणि दोघं आळीपाळीनं झोपल्यामुळं मी झोपलेच नाही. पण माझ्या अंगात असं काही बळ आलं होतं की मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. विमान खाली यायला लागलं तेव्हा कान दुखू नयेत म्हणून साक्षीला पाजायला घेतलं आणि खिडकीतून तिथल्या तळ्याचं अफाट पाणी बघत बसले. आलो आपण, मी तिला सांगितलं.

बाहेरच्या गर्दीत जयराज दिसला. ऋषी सामानाच्या गाडीवरून उतरला, त्याच्यापुढं जाऊन वाकला, पँट वर सारून नीट पाहिलं आणि मला म्हणाला, "हायती." जयराजला काहीच कळलं नाही. मी छातीशी बांधलेलं लुगडं सोडून साक्षीला त्याच्या हातात दिलं. तिनं त्याचं नाक मुठीत धरलं आणि बघत राहिली. ती रडली नाही, तो मात्र सगळ्यांदेखत रडला. आणलं मी, दोघांनाही एकटीनं आणलं, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं मला.

तिथूनच कोरेगावला फोन लावला. तिकडं संध्याकाळ होती. आबा आणि आत्या फोनच्या चौकटीत दाटीवाटीनं बसले होते, मागून भाऊसो डोकावत होते.

"रिपोर्ट," आबा म्हणाले.

"चौघंही एकत्र, आबा."

आबा मिशीत हसले आणि एकदम दुसरीकडं बघायला लागले. मग ऋषीनं माझ्या हातातून फोन घेतला. आजीकडं बघितलं, फोन उलटा करून मागूनही बघितला.

"आजी, तू आत कशाला गेलीस? भाईर ये."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. मग तो बाजूला केला आणि आमच्याशी नाही, आबांशी बोलल्या.

"आवं, पासपोर्ट काढायला कुठं जावं लागतं?"