दोन्ही चौकटींत बावन्नशे

चाचणीच्या रोलरवर पट्ट्यांनी बांधलेली गाडी ओरडून ओरडून थांबली आणि मास्तर स्टुलावर बसले. बसले म्हणजे कोसळलेच. तीस वर्षं इंजिनांच्या उशाशी बसून त्यांची कंबर गेली होती, कान निम्मे गेले होते, आणि हौस तर त्याआधीच गेली होती. आजचं काम तसं सोपं होतं. रविवारपासून ही शर्यतीची गाडी एक नवीन मुलगा चालवणार होता. त्याच्यासाठी सगळ्या सेटिंगचा कागद काढून ठेवायचा, की सुटलो.

आधी ही गाडी त्यांची भाची चालवायची. गेल्या महिन्यात लांब डाव्या वळणावर गाडीची मागची बाजू सुटली, गाडी गरगर फिरली आणि टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. भाचीला खरचटलंही नाही. पण त्यानंतर ती गाडीत बसली नव्हती, आणि मालकांनी तिच्या जागी दुसरा शोधला. शोधा म्हणून मालकांना सांगितलं कोणी? मास्तरांनीच. ‘पोरीचा पाय थरथरतो,’ म्हणाले. जिभेला हाड नसतं ते असं.

कागद काढायला त्यांनी लॅपटॉपवर व्हॉल्व्हचं पान उघडलं. या इंजिनाच्या दोन चाली. वेग कमी असताना व्हॉल्व्ह जेमतेम उघडतात. आरपीएम ठरावीक आकड्याला पोचला की तेलाचा दाब एक पिन सरकवतो, उंच कॅम, म्हणजे व्हॉल्व्हला जास्त ढकलणारा उंचवटा, कामाला लागतो आणि इंजिन छाती भरून श्वास घेतं. उंच कॅम कधी लावायचा तो आकडा एका चौकटीत, कधी सोडायचा तो दुसरीत. दुसरा आकडा तीन-चारशेने कमी ठेवायचा, हे मास्तरांनी आजवर कितीतरी शिकाऊंना डोक्यात टपली मारून शिकवलेलं. अंतर ठेवलं नाही आणि गाडी नेमकी त्याच आकड्यावर रेंगाळली, तर इंजिनाची नुसती धरसोड चालते.

पहिल्या चौकटीत बावन्नशे. दुसऱ्या चौकटीतही बावन्नशे.

मास्तरांनी चष्मा पुसला. चष्मा बिचारा स्वच्छच होता. मग आठवलं. आधी लावायचा आकडा छप्पन्नशे होता, सोडायचा बावन्नशे. अपघाताच्या काही दिवस आधी, रोलरवरच्या अकराव्या चाचणीनंतर दोन्ही कॅमचे ताकदीचे आलेख बावन्नशेला एकमेकांना भेटले, म्हणून त्यांनी पहिला आकडा खाली आणला. दुसरा आणायचा राहून गेला. दमले होते. दमलेला माणूस चुकतो यात नवल नाही. पण स्वतः चुकून वर दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं, याला काय म्हणावं?

कारण भाची अपघाताच्या आधी दोनदा सांगून गेली होती. "मामा, त्या वळणावर गाडी मध्येच ओढते, मध्येच सोडते."

मास्तर हसले होते. "नाचता येईना, अंगण वाकडं! गाडी बरोबर आहे गं. तुझा पाय थरथरतोय."

गाडीतल्या यंत्राने ठेवलेली अपघाताच्या दिवशीची नोंद त्यांनी आज पहिल्यांदा उघडली. पायाची, म्हणजे ॲक्सिलरेटरची, रेघ सरळ होती. व्हॉल्व्हची रेघ मात्र त्याच वळणावर वर-खाली, वर-खाली, करवतीच्या दातांसारखी. अंगण खरंच वाकडं होतं आणि ते मास्तरांनीच करून ठेवलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या चौकटीत त्यांनी अठ्ठेचाळीसशे घातले. अर्धं मिनिट लागलं. मग मालकांना फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"मास्तर, तुम्ही चुकलात?" मालकांना ते पटायलाच वेळ लागला. "बरं. पोरगी येत असेल तर रविवारी गाडी तिची. त्या मुलाची समजूत मी काढतो. पण आज संध्याकाळपर्यंत कळवा."

मास्तर हातसुद्धा न धुता बहिणीच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. पण आज त्यांनी कुरकुर केली नाही. भाची टेबलावर कपडे इस्त्री करत होती. त्यांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "चुकलं माझं. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. मालक तयार आहेत, रविवारी तूच चालव."

"म्हणजे माझा पाय सरळ होता?"

"पट्टीने आखल्यासारखा."

तिने इस्त्री उभी केली. आता ही आपली चंपी करणार, असं मास्तरांना वाटलं. करावी, अशीच त्यांची इच्छा होती. ती चिडली नाही.

"तेव्हा सरळ होता, मामा. पण तू म्हणालास थरथरतोय, आणि इंजिनाच्या बाबतीत तू कधी चुकत नाहीस. मग मी सारखी पायाकडेच बघायला लागले. आता तो खरंच थरथरतो. जिना उतरतानासुद्धा."

"अगं जाईल ते. दोन फेऱ्या मारल्यास की..."

"नाही जात. रोज बघतेय ना मी. मालकांना सांग, त्या मुलालाच बसू दे."

या वेळी मास्तरांनी भाचीचं म्हणणं लगेच खरं मानलं, आणि मालकांना फोन लावला.