घाईची बिअर

"अहो, बाळ आहे का ते, मांडीवर घेऊन जोजवायला?" गिरिजाने स्वयंपाकघराच्या दारातून विचारले.

शामकांतने मान वर केली नाही. बिअरने भरलेला, छोट्या पिंपासारखा गार पोलादी केग मांडीवर आडवा घेऊन तो पुढेमागे डोलवत होता. केगच्या तोंडाला गॅसची नळी होती आणि नळीचे दुसरे टोक बिअरला फेस आणणाऱ्या गॅसच्या सिलिंडरला. केग हलला की आतली बिअर गॅस ओढून घ्यायची आणि सिलिंडरच्या तोंडाशी सूं आवाज यायचा. आवाज मंदावला की शामकांत पुन्हा जोर लावायचा. लुंगी भिजून पायांना चिकटली होती, गुडघे गारठून ठणकत होते.

एरवी कुणी असा केग हलवताना दिसला असता तर त्यानेच नाक मुरडले असते. उभा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेला. निवृत्तीनंतर सिंगापुरात टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये बिअर करू लागला, तीही इंजिनाच्या शिस्तीने. नळीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडा येतो का बघायचे, मग हलक्या दाबावर केग फ्रिजमध्ये सोडून द्यायचा. गॅस आपल्या चालीने मुरू द्यावा, आठवडा लागो की दहा दिवस. "लोणचं काय हलवून मुरतं?" असे तो सगळ्यांना ऐकवायचा.

पण आता तेवढे दिवस हातात नव्हते. निशिकांतच्या जिभेला कॅन्सर झाला होता. ऑपरेशन महिनाअखेरीला ठरले होते, ते अचानक सोमवारवर आले. जीभ काढणार होते. दोघे तरुणपणी एकाच जहाजावर चढले, दोघांनी संसारही सिंगापुरातच मांडले, आणि शामकांतच्या प्रत्येक केगमधला पहिला ग्लास निशिकांतचा असायचा. सोमवारनंतर त्या ग्लासाची चव त्याला कळणार नव्हती.

"उद्यापर्यंत राहू दिला तर?" गिरिजा म्हणाली.

"उद्या तो ॲडमिट होतोय."

ती आत गेली आणि जुना टॉवेल आणून तिने केगखाली सरकवला.

दुपार कलल्यावर निशिकांत आला. सेरंगूनहून त्याची मुलगी इरा त्याला टॅक्सीने घेऊन आली होती. गाल बसले होते, शब्द तोंडातल्या तोंडात घोळून जड येत होते. पण खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणाला, "शाम्या, या खेपेला विष कमी घातलंस ना?"

"तुझ्यापुरतं वेगळं काढून ठेवलंय."

शामकांतने केगच्या नळाखाली ग्लास तिरका धरला. घाईने सगळा फेसच येईल ही धास्ती होती. पण सोनेरी बिअर उतरली, वर दोन बोटे पांढरी साय धरली. त्याने ग्लास पुढे ठेवला. "बघ. एका दुपारात."

निशिकांतने घोट घेतला आणि डोळे मिटले. एका हाताने टेबलाची कड घट्ट पकडली. घोट गिळायला त्याला फार वेळ लागला.

"झकास," तो म्हणाला. पण ग्लास पुन्हा उचलला नाही. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

"पप्पा, डोन्ट फोर्स, ला," इरा सिंगापुरी ढंगात हळूच म्हणाली. मग शामकांतकडे वळून, "काका, फिझी, गॅसवालं काहीच नाही घेऊ शकत ते. तोंडात जखमा आहेत, खूप बर्न होतं. मी फोन करणार होते. पप्पा म्हणाले, काकांना सांगायचं नाही."

"गप गं," निशिकांत म्हणाला. "त्याने एवढं केलंय."

शामकांतचे गुडघे अजून गारच होते. मग त्याने गिरिजाकडे चमचा मागितला, ग्लास स्वतःकडे ओढला आणि ढवळू लागला. फेस भसकन वर आला, कडेवरून टेबलावर सांडला.

"अरे, वाया चाललीय," निशिकांत म्हणाला.

"जाऊ दे. तू बस."

फेस बसला की तो पुन्हा ढवळायचा. बुडबुडे विरळ होत गेले. शेवटी बिअर निवलेल्या कोऱ्या चहासारखी गपगार झाली. त्याने ग्लास परत दिला.

निशिकांतने बेताने घोट घेतला. या वेळी टेबल धरले नाही. घोट तोंडात तसाच धरून तो खिडकीकडे बघत राहिला.

शामकांतने स्वतःसाठी दुसरा ग्लास भरून घेतला, आणि चमचा काचेला लागून आवाज होणार नाही अशा बेताने तोही ढवळू लागला.