वाघोडियाच्या रस्त्यासाठी चार टायर

दीनानाथराव कारखानिसांच्या मोटारीने तीन वर्षांत अकरा टायर खाल्ली. अकरा! बडोद्यात इतरांच्याही मोटारी होत्या, त्याच रस्त्यांवर फिरत होत्या, त्याच खड्ड्यांत आदळत होत्या. पण कुणाचं टायर दोन वर्षं चालायचं, कुणाचं अडीच. कारखानिसांच्या गाडीला मात्र कसली दृष्ट लागली होती कोण जाणे, चार-सहा महिन्यांत रबर मऊ पडायचं, फुगायचं, आणि एखाद्या दिवशी भर रस्त्यात फट्दिशी फुटायचं.

गाडी तशी नामी होती. पुढे लोखंड, मागे सागवानी लाकडाची बांधणी, आठ माणसं आणि त्यांची वळकटी-डबे सगळं पोटात घेणारी. नागरवाड्यातल्या गल्लीत ती वळेना, म्हणून कारखानिसांनी, म्हणजे रावसाहेबांनी, तिच्यापायी नदीपलीकडे अकोट्याला बंगला बांधला, असं लोक चेष्टेने म्हणत. चेष्टा कसली, निम्मं खरंच होतं.

ती चालवायचे सुभानराव जगताप. वय छप्पन्न, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. वडील आणि आजे सरकारच्या पागेत, स्वतःही तिशीपर्यंत घोड्यावरच. मग रावसाहेबांकडे बग्गीवर आले आणि बग्गी जाऊन मोटार आली तेव्हा पन्नाशी उलटल्यावर मोटार शिकले. शिकले म्हणजे काय, चालवायला शिकले. सांभाळायची रीत पागेतलीच राहिली. सकाळी गाडीच्या नाकावरून हात फिरवल्याशिवाय ती चालू करायची नाही. लांबून आली की लगेच पाणी द्यायचं नाही, आधी श्वास घेऊ द्यायचा. आणि दर शनिवारी खुरांची सेवा. पागेत शनिवारी घोड्यांच्या खुरांना तेल-मेण चोळायचे, म्हणजे खूर चिरत नाही. मोटारीला खूर नाहीत, चाकं आहेत, एवढाच काय तो फरक! सुभानराव तिळाच्या तेलात मेण वितळवून चारही टायरना बोटांनी चोळून चोळून लावायचे आणि काळीभोर चमक आली की मागे सरून मिशीवर हात फिरवायचे. बंगल्यात कुणाला हे खटकलं नाही. उलट पाहुणे म्हणायचे, "वा! काय गाडी ठेवलीय!"

आता जाणत्या माणसाने इथेच कपाळावर हात मारला असेल. पण जाणता माणूस त्या वेळी तिथे नव्हता, त्याला काय करायचं?

टायर फुटलं की दोष द्यायला मंडळी तयार असायची. कचेरीच्या आवारात चिंचेखाली साहेबलोकांच्या मोटारी उभ्या राहत आणि ड्रायव्हरांची तिथे बैठक बसे. एका सरदारांच्या गाडीवरचे धनाजीराव पान जमवत म्हणायचे, "विलायती घ्या, जाड दोऱ्याचं. मी घेतलंय. दगडावर घाला, काट्यावर घाला, हूं की चूं नाही." लगेच मानसिंगराव उसळायचे, "तुमचं विलायती! बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात त्यात. अमेरिकेचं घ्या, फुगीर. गादीवर बसल्यागत वाटतं." कुणी सांगे हवा कमी ठेवा, कुणी सांगे जास्त भरा. एकाने तर पुढच्या चाकात लिंबू बांधायला सांगितलं. सुभानरावांनी सगळ्यांचं ऐकलं. विलायती घेतलं, अमेरिकन घेतलं, लिंबूही बांधलं. आणि प्रत्येक नव्या टायरला शनिवारी आदल्यापेक्षा दोन बोटं तेल जास्त चोळलं.

रावसाहेबांनी मात्र गुन्हेगार ठरवून टाकला होता: टायरवाले सोराबशेठ. "लबाड आहे पारशी! शिळा माल गळ्यात मारतो," असं ते चारचौघांत म्हणत. एकदा तर दुकानात जाऊन तोंडावर म्हणाले. सोराबशेठ गोरेमोरे झाले, पण जुनं गिऱ्हाईक, म्हणून गप्प बसले.

श्रावणात वाघोडियाच्या रस्त्यावर अकरावं टायर फुटलं. गाडीत स्वतः रावसाहेब. गाडी बाभळीच्या कुंपणात शिरली, रावसाहेबांची पगडी एका फांदीवर आणि रावसाहेब दुसऱ्या बाजूला. लागलं नाही, पण माणूस संतापला.

"सुभानराव, आता चारही टायर नवी घ्या, तुम्हीच निवडा. पण ही गेली ना, तर तुमचं आणि गाडीचं नातं संपलं. अहमदाबादेहून नवा ड्रायव्हर आणीन. तुम्ही घरी बसा, पगार पोचेल."

पगार पोचेल म्हणे! सुभानरावांना पगाराची पडली नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे नीरा उभी राहिली. रावसाहेबांची ही एकुलती एक लेक, लग्न होऊन वाघोडियाला गेलेली, जावई श्रीकृष्णपंत तिथल्या कचेरीत. नीराला पहिल्या दिवशी शाळेत सोडलं ते सुभानरावांनी. तिने फाटकाला मिठी मारून भोकाड पसरलं तेव्हा दुपारपर्यंत तिथेच बाहेर उभे राहिले, तिला खिडकीतून दिसावं म्हणून. लग्नाची वरात नेली त्यांनीच. स्वतःला मूलबाळ नाही. रखमाबाई आणि ते, दोघंच. आता नीराला दिवस गेले होते. कार्तिकात सातवा लागला की पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची. आणायची म्हणजे कुणी? हा काय प्रश्न झाला! आणि तिथे कुणी अहमदाबादचा उपटसुंभ बसणार?

म्हणून त्यांनी आठ दिवस चौकशी करून ढालछाप टायर निवडली. आणि ती टिकावीत म्हणून शनिवारच्या जोडीला बुधवारही धरला. माणूस मायेने आंधळा होतो तो असा.

कार्तिक आला. शुक्रवारी सकाळी नीराला आणायला निघायचं ठरलं. रावसाहेब म्हणाले, "मी स्वतः बरोबर येतो. या गाडीचा भरवसा नाही." गाडीचा म्हणाले, पण बघत होते सुभानरावांकडे.

गुरुवारी दुपारी सुभानराव हवा बघायला सोराबशेठच्या दुकानी गेले. शेठ बाहेर आले, खाली वाकले, टायरवर अंगठा दाबला. अंगठा आत रुतला. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"आ शुं? तेल?"

"तिळाचं," सुभानराव अभिमानाने म्हणाले. "मेण घालून. आठवड्यातून दोनदा."

"केटला वखतथी? किती दिवसांपासून?"

"गाडी आली तेव्हापासून. माझ्या हाताने."

सोराबशेठ मटकन पायरीवर बसले. मग हसायला लागले, इतके की चष्मा काढून पुसावा लागला. आणि मग एकदम हसायचे थांबले. "अरे मारा बाप! रबरचा काळ आहे तेल, बापू! रबर तेल पितं आणि सडतं. घोड्याचं खूर नाय ते! तीन वर्षं मी शिव्या खातोय, आणि तुम्ही..." त्यांनी पेचकस घेऊन टायरच्या कडेला टेकवला, तर रबर शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं कापडापासून सुटून आलं.

सुभानरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तीन वर्षं ते चिंचेखालच्या सगळ्यांना विचारत फिरले, विलायतेला नावं ठेवली, अमेरिकेला ठेवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! टायरांचा वैरी रोज त्यांच्याच हातांनी जेवत होता.

"शेठ, उद्या वाघोडियाला जायचंय. नीराताईंना आणायला. सातवा लागलाय."

"पोचाल. नाही पण पोचणार. कोण सांगेल?"

"वरून बघून कुणाला कळेल?"

"कुणाला नाय कळणार." शेठनी चष्मा चढवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मी बोलणार नाय. पण चार टायर आज दिवे लागेपर्यंत बसवून देतो, साहेबांची चिठ्ठी आणा. बिनचिठ्ठीचा माल मी त्या घराला देत नाय. कारण तुम्हाला ठाऊक आहे."

सुभानराव अकोट्याकडे निघाले, पण पुलावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. खाली विश्वामित्री संथ वाहत होती. मनात नाही नाही ते येत होतं. चौदा-पंधरा मैलांचा तर रस्ता. सावकाश नेली तर? श्रावणापासून टिकलीत, आणखी एक दिवस टिकतील. एकदा नीरा घरी आली की मग सांगू, मग काढून टाका म्हणू. नाही सांगितलं तर उद्या ती आपल्या गाडीत बसणार. सांगितलं, तर हातातलं चाक आजच जाणार. असा हिशेब त्यांनी तीनदा मांडला आणि तिन्ही वेळा त्यांना तेच बाभळीचं कुंपण दिसलं. फक्त फांदीवर पगडी नव्हती, नीराची शाल होती.

"हट् मेल्या!" ते स्वतःलाच मोठ्याने म्हणाले आणि गाडी चालू केली.

रावसाहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत होते. शेजारी त्यांच्या पत्नी मथुराबाई लेकीच्या खोलीसाठी नवी दुलई उलगडून बघत होत्या. सुभानराव पायरीखालीच उभे राहिले. पागेत गुन्हा कबूल करताना उभे राहायचे, तसेच टाचा जुळवून.

"रावसाहेब, टायर खराब आहेत. चारही. उद्या त्यांवर नीराताईंना आणू नका."

रावसाहेब ताडकन उठले. "पुन्हा? त्या सोराबच्या तर..."

"सोराबशेठचा दोष नाही. कंपनीचा नाही, रस्त्याचा नाही. माझा आहे. मी त्यांना तेल लावतो. घोड्याच्या खुरांना लावतात तसं. तेलाने रबर सडतं, हे मला आज कळलं. ती अकराही टायर मीच मारली. चिठ्ठी द्यावी. नवी टायर बसवून गाडी आणून ठेवतो. मग तुम्ही म्हणाल त्याच्या हाती किल्ली देतो."

मथुराबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आवरायला की रडू, सांगता येत नाही. रावसाहेब पायऱ्या उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून टायरला बोट लावलं, बोट हुंगलं. मग तसेच आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले ते घडी घातलेली चिठ्ठी घेऊन.

"सकाळी सहाला गाडी दारात लावा," एवढंच म्हणाले. चालवायची कुणी, ते नाही.

दुकानात सोराबशेठनी चिठ्ठी उलगडली आणि मोठ्याने वाचली. "सुभानराव निवडतील ती चार टायर द्यावीत. तुम्हाला मी लबाड म्हणालो, ते शब्द मागे घेतो. रविवारी चहाला यावे." शेठनी ती पुन्हा एकदा मनात वाचली आणि खिशात नाही, गल्ल्यात ठेवली. "बोला बापू, कुठली काढू?"

सुभानरावांना कळेना. निवडा म्हणजे काय? शेवटचं काम म्हणून असेल. जाणाऱ्या माणसाला मान देतात तसा. पण निवडायची कुणासाठी, हे तर पक्कं होतं. त्यांनी धनाजीरावांचं दगडावर घालायचं टायर बाजूला सारलं, मानसिंगरावांचं गुबगुबीतही सारलं. प्रत्येक टायर मांडीवर घेऊन आतून हात फिरवला, कापड तपासलं, आणि बेताची जाडी, बेताचा मऊपणा असलेली चार काढली. या वेळी कुणाला विचारलं नाही.

घरी रखमाबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "माझं तेल संपतंय कसं, हे मी तीन वर्षं शेजारणीला विचारतेय!" आणि मग हळूच, "बरं केलंत हो सांगितलंत." पहाटे त्यांनीच टोपी झटकून हातात दिली.

सहाला पाच मिनिटं असताना गाडी बंगल्याच्या दारात उभी होती. सुभानराव चाकामागे नाही, बाहेर दाराशी उभे, किल्ली तळहातावर घेऊन. मथुराबाईंनी मागच्या बाकावर दुलई अंथरली, दोन उशा ठेवल्या, लाडवांचा डबा ठेवला. रावसाहेब आले. अंगात प्रवासाचा लांब कोट, डोक्याला रुमाल, हातात काठी. मागून आणखी कुणी येतंय का, हे सुभानराव बघत होते. कुणी आलं नाही. म्हणजे रावसाहेब स्वतःच चालवणार की काय? त्यांनी किल्ली पुढे केली.

रावसाहेबांनी किल्लीकडे पाहिलंच नाही. मागचं दार उघडलं, आत पाय ठेवला, बाकावर हात दाबून बघितला आणि पाय पुन्हा बाहेर घेतला. कोटाची बटणं काढत म्हणाले, "सात महिन्यांची पोर. तिला पाय लांब करून बसू दे. मी कशाला जागा अडवू?"

"पण रावसाहेब, तुम्ही बरोबर येणार होता. भरवसा..."

"तुम्ही आहात ना," रावसाहेब म्हणाले आणि कोट हातावर टाकून पायऱ्या चढून आत गेले.

सुभानराव चाकामागे बसले, तर समोरची काच धूसर दिसायला लागली. ती त्यांनी रुमालाने दोनदा पुसली आणि मग लक्षात आलं की पुसायची काच नव्हेच.

"अहो, निघा आता," मथुराबाई खिडकीशी येऊन म्हणाल्या. "ती दारात येऊन उभी राहिली असेल."