झाल्याची शिट्टी

उंबरमाळीच्या वरच्या अंगाला काजलचा पाडा आहे. तिथे इंटरनेट येतं, पण रुसलेल्या जावयासारखं, दारापर्यंत येऊन आत पाऊल न टाकणारं. पुण्यातल्या कंपनीतली मंडळी ज्या रंगीत पानावर कामाची खबर बघतात, ते पान इथे उघडेपर्यंत चहा होतो, पिऊन होतो आणि कपही विसळून होतो. म्हणून काजल ते पान उघडायच्या फंदातच पडत नसे. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाईप केली की तीच खबर नुसत्या अक्षरांत येई, आणि अक्षरांना एवढंसं नेटही पुरे.

काम पहाऱ्याचंच होतं. शहापूरची एक लॅब रक्ताचे रिपोर्ट लोकांच्या मोबाईलवर पाठवायची, आणि त्यासाठीचं ॲप काजलची कंपनी सांभाळायची. ॲपमध्ये कुणी बदल केला की कंपनीची दूरची यंत्रं आपोआप साऱ्या तपासण्या चालवायची. जमली ती हिरवी, फसली ती लाल. सगळं हिरवं झालं की काजलने पुण्याच्या अनिता मॅडमना होकार द्यायचा, मग मॅडम ते नवं ॲप लॅबला सोडणार. यातली एक तपासणी काजलने भांडून घातली होती. घरातल्या दोघा-तिघांचा मोबाईल नंबर एकच असेल, तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जाता कामा नये. पुण्यात माणशी दोन फोन, पाड्यात घराला एक. चुकीच्या माणसाला चुकीचं दुखणं कळलं तर काय होईल, हा विचार तिला छळायचा.

त्या दिवशी खळ्यावर भात झोडायचं होतं आणि नेमका ॲप सोडण्याचाही दिवस होता. यंत्रांना वेळ लागणार, तोवर ओट्यावर बसून काय करायचं? काजलने पहारा लावून दिला, पहारा संपला की लॅपटॉपने शिट्टी वाजवावी एवढं त्याच ओळीत जोडलं, आणि आईला म्हणाली, "वाजली का हाक मार."

बाप नवसू आणि ती भाताचे भारे झोडत होती. उन्हं डोक्यावर आली तेव्हा आईची हाक आली.

"काजल गो, वाजली तुजी शिट्टी."

काजलने कपाळाचा घाम पुसला, फोनची रेंज जिथे लागते त्या दगडावर ती चढली आणि मॅडमना फोन लावला. "झालं मॅडम, सोडा."

जेवायला घरी आली आणि तिने लॅपटॉप उघडला. सगळ्या हिरव्यांत एक लाल फुली होती, आणि ती तिनेच घातलेल्या तपासणीची होती. शिट्टी वाजली होती ती पहारा संपल्याची. जमलं तरच वाजव, असं सांगायला ओळीत एक शब्द जास्त लागतो. काजलला तो ठाऊक होता, पण गरजच वाटली नव्हती.

"आये, शिट्टी ऐकून मला सगळं नीटच झालं असं कसं वाटलं?"

"मंग काय वाटावं?" आई ताट वाढत म्हणाली. "वाईट झाल्यावं कोन साद देतंय? तवा मानूस चालत येतं."

खरं होतं. या डोंगरात मुरबाडच्या बाजूला गेलेला माणूस सुखरूप परतला की डोंगराच्या धारेवरून कुकारा, म्हणजे लांब आरोळी, घालतो. कुकारा ऐकला की घरचे निश्चिंत. वाईट घडलं तर कुणी ओरडत नाही, माणूस येतो, आधी टेकतो, मग बोलतो. काजल कॉम्प्युटर शिकली, पण कान पाड्याचेच राहिले होते.

ताट तसंच ठेवून ती दगडाकडे धावली आणि मॅडमना फोन करून चूक सांगितली. तिला भयंकर लाज वाटत होती. मॅडमनी ॲप तातडीने मागे घेतलं, एक शब्दही वावगा बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. चुकीचे रिपोर्ट गेलेल्या सगळ्यांना लॅबने फोन केले होते. एकाच घरी फोन लागत नव्हता, काजलच्याच बाजूच्या सकुबाई नावाच्या म्हातारीच्या. त्या घरातल्या सासूचा रिपोर्ट सुनेला आणि सुनेचा सासूला गेला होता.

"मी जाते," काजल म्हणाली.

सकुबाईची वाडी वरच्या टेपाडापलीकडे. काजल चढून पोचली तेव्हा म्हातारी अंगणात खाटेवर बसली होती, अंगावर गोधडी. पोरीला एकटीला, घाईने येताना बघून तिचा चेहराच उतरला.

"कोन गेलं गो?"

"कोन नाय गेलं. फोनात रिपोर्ट आला ना, त्येचं सांगाया आलंय."

"त्ये व्हय," सकुबाईने सुस्कारा टाकला. "सुनेनं, रेश्मानं वाचलं. माज्या अंगात रगत नाय म्हनं, लगीच डाक्टरला दाखवा. तवापासनं मला हलून देत नाय ती. सगला भात एकटीच वाहाया लागलीय."

तेवढ्यात बांधावरून रेश्मा आली. सातवा महिना असावा. डोक्यावर भाताचा भारा, ओठ कोरडे, दर दोन पावलांनी थांबत होती. काजलला बघून तिने हसायचा प्रयत्न केला.

"तो रिपोर्ट तुमचा नाय, आजी," काजल म्हणाली. "वहिनींचा हाय. तुमी बऱ्या हाय."

रेश्मा तशीच उभी राहिली. "मला कुटं काय होतंय? जरा डोलं फिरतात, एवढंच."

सकुबाई खाटेवरून उठली. सुनेच्या डोक्यावरचा भारा दोन्ही हातांनी उतरवून तिने खाली ठेवला, अंगठ्याने तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत सगळं पांढरं होतं. मग तिला खाटेवर बसवलं आणि आपली गोधडी तिच्या पायांवर टाकली.

"आजी, चूक माजी हाय," काजल म्हणाली. "मी न बघताच हो म्हनाले."

"त्ये मंग बोलू. आदी खाली जा नि जीप बघ. शापूरला न्यायची हिला."

काजल टेपाड उतरू लागली. म्हातारी चार शब्द रागाने बोलली असती तर तिला बरं वाटलं असतं. पण सकुबाईला तेवढी सवड नव्हती.